दिवा लागला म्हणजे काय कळलं? डिझेल इंजिनातला दाब-नियंत्रक आणि दोषनिदानाचं तर्कशास्त्र



मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमान म्हणजे काय आणि ते कुठे घसरतं, हे पाहिलं. उदाहरणं सगळी परंपरेतली होती: डोंगर, धूर, स्वयंपाकघर, तळं. श्रोत्यांपैकी काहींनी नंतर विचारलं, की हे रोजच्या व्यवहारात कुठे भेटतं? ते खरोखर भेटतं आणि त्याला पैसेही मोजावे लागतात. म्हणून आज मुद्दाम गॅरेजमधला एक प्रश्न घेतला आहे. डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मिस्त्री स्कॅनर लावतो. स्कॅनर सांगतो, 'फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, कंट्रोल सर्किट'. आता पुढे काय? इंधनाचा दाब सांभाळणारा भाग बिघडला, तो बदला, असं म्हणायचं का?

बहुतेक वेळा असंच म्हटलं जातं. आणि बऱ्याचदा ते चुकतं. का चुकतं, ते आज आपण सावकाश पाहू. श्रोत्यांत आयटीआयचे काही विद्यार्थी बसले आहेत, त्यांना यातली यंत्राची बाजू ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी आधी यंत्र समजून घेऊ.

दाब कशासाठी?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची, की ती तापून लाल व्हावी अशी स्थिती येते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं. ते आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला त्यांचं इंजिन नीट चालू लागलं. तेव्हापासून एक प्रश्न कायम आहे: डिझेल नेमकं किती, नेमकं कधी आणि किती बारीक फवारायचं? फवारा जितका बारीक, तितकं ज्वलन पूर्ण, धूर कमी. बारीक फवाऱ्याला दाब लागतो.

जुन्या इंजिनांत पंपच सगळं करायचा. प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीला दाब द्यायचा आणि तो दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून असायचा. हळू चालताना दाब कमी, म्हणून धूर जास्त. जुना ट्रक चढावर काळा धूर सोडत जाताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

मग 'कॉमन रेल' आलं. कल्पना साधी आहे. पंपाने एका जाड पोलादी नळीत सतत दाबाखालचं डिझेल भरून ठेवायचं. ही नळी म्हणजे रेल. सगळे इंजेक्टर तिच्यातून हवं तेव्हा हवं तेवढं घेणार. दाब तयार करणं आणि डिझेल फवारणं ही दोन कामं वेगळी झाली. १९९५ मध्ये डेन्सोची अशी यंत्रणा जपानमध्ये हिनोच्या ट्रकवर आली, १९९७ मध्ये बॉशची यंत्रणा अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत आली. आपल्याकडे २००० नंतरच्या दशकात ती सर्रास झाली. आज रस्त्यावरचा छोटा पिकअप टेम्पोसुद्धा कॉमन रेलचाच असतो.

दाब किती? मोटारीच्या चाकात साधारण दोन बार हवा असते. स्वयंपाकघरातल्या कुकरात बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त. रेलमध्ये इंजिन नुसतं उभं चालू असताना अडीचशे-तीनशे बार असतो, आणि पूर्ण जोर लावला की सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत जातो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ एक बार दाब देतो. म्हणजे दोन हजार बारला वीस किलोमीटर उंच पाणी लागेल. जगातल्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशीही अकराशे बारच्या आसपासच दाब असतो.

हा दाब एका क्षणी तीनशे, पुढच्या क्षणी बाराशे, पुन्हा पाचशे असा हवा तसा बदलायचा. ते काम करणारा भाग म्हणजे आपला दाब-नियंत्रक.

नियंत्रक एक, जागा दोन

घरच्या पाण्याच्या टाकीची पातळी राखायचे दोन मार्ग असतात. एक, भरणारा नळ कमी-जास्त करायचा. दोन, नळ सुरूच ठेवायचा आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोमधून सोडून द्यायचं. कॉमन रेलमध्ये हे दोन्ही मार्ग आहेत. पहिल्या प्रकारात व्हॉल्व्ह पंपाच्या तोंडाशी बसतो आणि पंपात डिझेल किती शिरायचं ते ठरवतो. दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्ह रेलच्या टोकाला किंवा पंपाच्या दाबाच्या बाजूला बसतो आणि जास्तीचं डिझेल परतीच्या नळीत सोडतो. काही इंजिनांत एकच असतो, काहींत दोन्ही असतात.

दोन्ही व्हॉल्व्ह विजेवर चालतात. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून प्रवाह गेला की चुंबकत्व येतं आणि व्हॉल्व्हची सुई सरकते. किती सरकायची, ते प्रवाहावर अवलंबून. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, हा प्रवाह चालू-बंद, चालू-बंद असा झपाट्याने करतो. काही व्हॉल्व्हना सेकंदाला शे-दोनशे वेळा, काहींना हजार वेळा. चालूचा काळ जास्त, तर सरासरी प्रवाह जास्त.

आता इथे एक गंमत आहे आणि आजच्या विषयाचा गाभाही तिच्यातच आहे. समजा, व्हॉल्व्हची तार तुटली. प्रवाह शून्य. दाबाचं काय होईल?

रेलच्या टोकाचा व्हॉल्व्ह असेल, तर प्रवाह नसताना तो उघडा पडतो. आतली स्प्रिंग तेवढी राहते, ती शंभर बारच्या आसपासच दाब धरू शकते. तेवढ्यावर इंजिन चालत नाही. गाडी बंद पडते आणि सुरू होत नाही. पण पंपाच्या तोंडाशी बसणारे व्हॉल्व्ह पुष्कळदा याच्या उलट असतात: प्रवाह नसला की पूर्ण उघडे. पंपात डिझेल भसाभस शिरतं, दाब वर चढतो, आणि मग रेलवरचा सुरक्षेचा व्हॉल्व्ह उघडून तो सोडून देतो. अशा वेळी काही गाड्यांत ईसीयू इंजिन बंद पाडतो, काहींत लंगडत का होईना चालू देतो. आणि काही पंपांत तोंडाशी बसणारा व्हॉल्व्हच प्रवाहाविना बंद राहणारा असतो. तिथे परिणाम पुन्हा उलटा.

म्हणजे कारण एकच, तार तुटली. आणि लक्षणं परस्परविरोधी. 'गाडी सुरू होत नाही, म्हणजे अमुक बिघडलं' असं सरसकट व्याप्तिवाक्य इथे करता येत नाही. आधी कोणता व्हॉल्व्ह, कुठे बसलेला, प्रवाहाविना उघडा की बंद, हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावं लागतं. तर्क त्यानंतर.

कोड नेमकं काय सांगतो?

स्कॅनरचे कोड बऱ्याच प्रमाणात सगळ्या कंपन्यांना समान असतात. आपल्या विषयातले सहा लक्षात ठेवू. पी-००८७ म्हणजे रेलमधला दाब फार कमी. पी-००८८ म्हणजे फार जास्त. पी-००८९ म्हणजे नियंत्रकाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे नाही. पी-००९० म्हणजे नियंत्रकाचं सर्किट खुलं, तुटलेलं. पी-००९१ म्हणजे त्या सर्किटात व्होल्टेज कमी. पी-००९२ म्हणजे जास्त.

हे सहा एका रांगेत दिसले तरी ते दोन वेगळ्या जातींचे आहेत. पहिले तीन परिणामाबद्दल बोलतात. ईसीयूने पाचशे बार मागितले, सेन्सरने तीनशे सांगितले, मेळ बसला नाही. मेळ का बसला नाही, त्याला ठाऊक नाही. चोंदलेला फिल्टर, झिजलेला पंप, गळका इंजेक्टर, अडकलेला व्हॉल्व्ह, खोटं बोलणारा सेन्सर, काहीही असेल. शेवटचे तीन मात्र फक्त विजेबद्दल बोलतात. डिझेलचा तिथे संबंधच नाही. टाकी रिकामी असली तरी पी-००९० येऊ शकतो.

ईसीयूला हे कळतं कसं? गुंडाळीला दोन तारा असतात. बहुतेक गाड्यांत एका तारेतून फ्यूज आणि रिलेमार्फत बॅटरीचे बारा व्होल्ट येतात. दुसरी तार ईसीयूत जाते, आणि ईसीयू तिला आतून अर्थला जोडतो-सोडतो. सोडलेल्या अवस्थेत गुंडाळीतून येऊन बारा व्होल्ट ईसीयूच्या पिनवर दिसायला हवेत. दिसले नाहीत, तर कुठेतरी रस्ता तुटला आहे, किंवा ती तार वाटेत कुठेतरी अर्थला टेकली आहे. जोडलेल्या अवस्थेत पिनवर जवळजवळ शून्य यायला हवं आणि प्रवाह मर्यादेत राहायला हवा. प्रवाह एकदम वाढला, तर ती तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेकली आहे, किंवा गुंडाळी आतल्या आत शॉर्ट आहे. कोणत्या स्थितीला कोणता कोड, यात कंपन्यांगणिक थोडा फरक असतो. पण तत्त्व हेच.

नीट पाहा. 'रस्ता तुटला आहे' इथपर्यंतच ईसीयूला म्हणता येतं. त्या रस्त्यात फ्यूज आहे, रिले आहे, चार-दोन मीटर वायरिंग आहे, कपलर आहे, गुंडाळी आहे, परतीची तार आहे, आणि खुद्द ईसीयूही आहे. स्कॅनरच्या पडद्यावर मात्र नाव येतं 'रेग्युलेटर'. ऐकणारा ते नाव ऐकतो आणि 'सर्किट' हा शब्द गाळून टाकतो. आपल्या परंपरेच्या भाषेत सांगायचं, तर कोड हे शब्दप्रमाण आहे. सांगणारा प्रामाणिक आहे, पण तो जेवढं सांगतो तेवढंच त्यातून घ्यायचं. घोटाळा आपण त्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातल्याने होतो.

एक उदाहरण

एक पिकअप टेम्पो कल्पू. नारायणगावहून टोमॅटो घेऊन रात्री वाशी मार्केटला जाणारा. जाताना ठीक. परत येताना रिकामी क्रेट घेऊन माळशेज घाट चढतो, दुसऱ्या गियरमध्ये जोर लावतो, आणि अचानक दिवा लागतो. गाडी पिकअप घेत नाही. चालक कडेला थांबतो, चावी बंद करतो, पुन्हा लावतो. गाडी ठीक. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. गॅरेजमध्ये आणली की काहीच होत नाही. कोड मात्र साठलेला आहे: पी-००९०. व्हॉल्व्ह पंपाच्या तोंडाशी बसलेला आहे.

गॅरेजमध्ये काय होतं? कपलर काढून मीटर लावला. बारा व्होल्ट आले. गुंडाळीचा रोध मोजला, तीन ओहम. मॅन्युअलप्रमाणे बरोबर. 'वायरिंग ओके, व्हॉल्व्ह ओके, म्हणजे पंपच गेला.' पंपाची किंमत पाच आकडी. टेम्पोचा हप्ता अजून चालू.

या 'म्हणजे' शब्दापाशी आपण थांबू.

पहिली गोष्ट: पी-००९० हा विजेचा कोड आहे. पंपाच्या यांत्रिक भागात सर्किट नाही. पंप झिजल्याने दाब कमी येईल, पण तार तुटणार नाही. तेव्हा हे अनुमान मुळातच विषय सोडून गेलं. पंप बदलताना त्यावरचा व्हॉल्व्ह नवा येतो, कपलर हलतो आणि कधी कधी दोष काही दिवस दिसेनासा होतो, ही गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट: मीटरने बारा व्होल्ट दाखवले, यातून काय सिद्ध झालं? फार थोडं. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो, त्यामुळे तो प्रवाह जवळजवळ घेतच नाही. गंजलेल्या जोडात हजार ओहमचा अडथळा असला, तरी त्यात एक मिलिव्होल्टच्या आसपासच व्होल्टेज खर्च होईल आणि मीटर बाराच दाखवील. आता त्याच पिनवर मीटरऐवजी २१ वॉटचा साधा इंडिकेटरचा बल्ब लावा. पेटलेल्या अवस्थेत त्याचा रोध सात ओहमच्या आसपास असतो आणि त्याला पावणेदोन अँपिअर लागतात. हजार ओहमच्या अडथळ्यातून तो पेटणारच नाही. एक ओहमचा अडथळा असेल तर थोडा मंद पेटेल. म्हणजे दहा-वीस रुपयांचा बल्ब इथे महागड्या मीटरपेक्षा खरं सांगतो, कारण तो तारेला काम करायला लावतो. रिकाम्या रस्त्यावर कोणताही पूल मजबूतच वाटतो.

म्हणूनच जाणते लोक 'व्होल्टेज ड्रॉप' मोजतात. कपलर जोडलेला, इंजिन चालू, प्रवाह वाहतो आहे. आणि अशा वेळी मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं व्हॉल्व्हच्या पुरवठ्याच्या पिनवर मागच्या बाजूने. मधल्या रस्त्यात किती व्होल्टेज हरवलं, ते थेट दिसतं. चांगल्या वायरिंगमध्ये ते व्होल्टच्या एक-दोन दशांशांपुढे जाऊ नये. जोडात एक ओहम अडथळा असेल आणि दीड अँपिअर वाहत असेल, तर दीड व्होल्ट हरवतील. हा आकडा लपत नाही.

तिसरी गोष्ट: गुंडाळी थंड असताना तीन ओहम दाखवते. इंजिन तापल्यावर? तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. तीस अंशांवरून नव्वदवर गेली की तीनचे पावणेचार ओहमच्या जवळ जातील; हे स्वाभाविक आहे. पण आत बारीक चीर असेल तर गरम झाल्यावर ती उघडेल आणि रोध अनंत होईल. म्हणून थंड मोजमाप पुरेसं नाही. गुंडाळीची पिन आणि व्हॉल्व्हचं धातूचं अंग यांच्यामध्येही मोजायचं. तिथे काहीच जोडणी दिसता कामा नये.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: दोष कुठे दिसतो? घाटात, जोर लावताना. गॅरेजमध्ये दिसत नाही. या दोन परिस्थितींत फरक कोणता? इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. खालच्या गियरमध्ये जोर लावला की सगळं इंजिन एका अंगाला कलतं. चेसिसकडून इंजिनाकडे येणारं वायरिंग तेव्हा ताणलं जातं. कुठेतरी ते एखाद्या ब्रॅकेटच्या कडेला घासून आतली तार तुटत आली असेल, तर नेमकी तेव्हाच ती सुटणार. आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीत पुन्हा टेकणार. मग सगळं 'ओके'.

आता परीक्षा कशी घ्यायची, ते उघड आहे. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर नियंत्रकाचा प्रवाह आणि रेलचा दाब पाहत, दुसऱ्या माणसाने वायरिंग वीतभर-वीतभर हलवत, वाकवत जायचं. ज्या जागी हात लागताच आकडा उडी मारतो, तिथे दोष. टेप सोडवली की हिरवट गंज चढलेली, एका धाग्यावर टिकलेली तार सापडते. दुरुस्ती अर्ध्या तासाची.

क्रम

हे एक उदाहरण झालं. सर्वसाधारण क्रम असा ठेवावा.

आधी कोड पुसू नका. सगळे कोड लिहून घ्या. दोष नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान, बॅटरीचं व्होल्टेज ईसीयूने साठवलेलं असतं. ते साक्षीदाराचं पहिलं निवेदन आहे, पुसलं की गेलं. एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या भागांचे सर्किट-कोड असतील, तर ते सगळे एका फ्यूजवर किंवा रिलेवर आहेत का, ते पाहा. चार भाग एकदम मरण्यापेक्षा त्यांना जेवू घालणारा एक हात थांबला, हे जास्त संभवनीय असतं.

मग डोळे. कपलर पूर्ण बसला आहे का, खटका लागला आहे का, पिन वाकली आहे का, आत पाणी किंवा डिझेल शिरलं आहे का. पावसाळ्यानंतर गंज, आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदीर. हसू नका, उंदराने कुरतडलेलं वायरिंग ही गॅरेजमधली नित्याची गोष्ट आहे.

मग पुरवठ्याची तार, भारासहित. मग गुंडाळी, थंड आणि गरम. मग नियंत्रणाची तार: बॅटरी सोडून, ईसीयूचा कपलर काढून, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे का, अर्थला टेकते का, दुसऱ्या तारेला टेकते का. हे सगळं ठीक निघालं, तर ऑसिलोस्कोप लावून ईसीयू खरोखर चालू-बंद करतो आहे का, ते पाहायचं. ईसीयू हा संशयित सर्वांत शेवटी. तो क्वचित बिघडतो आणि महाग असतो. शिवाय 'बाकी काही सापडलं नाही, म्हणून हा' हे अनुमान बाकीचं सगळं खरोखर तपासलं असेल तरच टिकतं.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. व्हॉल्व्हला थेट बॅटरीचे बारा व्होल्ट लावून ठेवायचे नाहीत. त्याची गुंडाळी सतत पूर्ण प्रवाहासाठी बनवलेली नसते, ती जळते. आणि ईसीयूच्या तारेशी उगाच चाचण्या करत तिला पॉझिटिव्हला टेकवायचं नाही.

सर्किट निर्दोष निघालं आणि कोड पी-००८९ किंवा पी-००८७ असेल, तर प्रश्न इंधनाच्या बाजूचा. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. पण आधी सेन्सरची साक्ष तपासायची. त्याला पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि इंजिन बंद, दाब उतरलेला असताना त्याने साधारण अर्धा व्होल्ट सांगायला हवा. तो जास्त सांगत असेल, तर ईसीयू त्यावर विश्वास ठेवून खरा दाब कमी करत बसेल, आणि पडद्यावर दोन्ही आकडे जुळलेले दिसतील. ईसीयूला रेल दिसत नाही, त्याला फक्त सेन्सर दिसतो. त्यानंतर फिल्टर, नळीत शिरलेली हवा, इंजेक्टरची परतीची गळती, आणि मग पंप.

आणि एक इशारा, यात तर्काचा काही भाग नाही. इंजिन चालू असताना दाबाची नळी कधीही सैल करू नका, बंद केल्यावरही दाब उतरायला वेळ द्या. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. हा फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत गेलेलं डिझेल बोट, प्रसंगी हात घालवू शकतं. असं झालं तर मलमपट्टी करून घरी जायचं नसतं, तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं असतं.

भाग बदलला, दोष गेला. मग काय सिद्ध झालं?

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला? नवा व्हॉल्व्ह लावून पाहू. दोष गेला तर व्हॉल्व्हच खराब होता.

अन्वय आणि व्यतिरेक आपण मागे पाहिले. हे असताना ते आहे, हे नसताना ते नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या त्यांच्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची रीत म्हणून साधारण हेच मांडलं. तिची अट अशी, की दोन परिस्थितींत फरक एकाच गोष्टीचा असला पाहिजे. व्हॉल्व्ह बदलताना तो एकाच गोष्टीचा असतो का? कपलर काढला, पुन्हा लावला. त्यात पिनवरचा गंज खरवडला गेला. वायरिंग हललं, तुटकी तार पुन्हा टेकली. बॅटरी सोडली, कोड पुसला गेला. एवढ्या चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय मात्र व्हॉल्व्हला मिळालं.

नैयायिक याला उपाधी म्हणतात. त्यांचं उदाहरण तर आपल्या विषयाला फारच जवळचं आहे. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे खरं. पण अग्नी आहे तिथे धूर आहेच, हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओलं इंधन लागतं. ते ओलं इंधन ही उपाधी, मध्येच लपून बसलेली अट. आपल्या गाडीत ओल्या इंधनाची जागा कपलरच्या पिनवरच्या गंजाने घेतली आहे. नवा व्हॉल्व्ह आणि दोषाचं जाणं यांच्या मध्ये ती लपलेली होती.

उपाय सोपा आहे, पण तो फारसा कुणी करत नाही: जुना व्हॉल्व्ह परत लावून पाहा. दोष परत आला तर व्हॉल्व्ह दोषी. नाही आला, तर निरपराध भागाला शिक्षा झाली असती आणि खरा दोष पुढच्या पावसाळ्यापर्यंत दबा धरून बसला असता.

दोन चिठ्ठ्या

पहिली चिठ्ठी: 'दिवा पुसून गाडी चालवत राहिलं तर?' पुसल्याने साठवलेली माहिती जाते, दोष जात नाही. आणि व्हॉल्व्ह रेलच्या टोकाचा असेल तर गाडी घाटात एकदम बंद पडू शकते. त्या वेळी मागे ट्रक असतो. एवढं उत्तर पुरे.

दुसरी चिठ्ठी एका गॅरेजवाल्यांची आहे, आणि ती महत्त्वाची आहे. ते लिहितात, 'सर, दोन तास शोधून तार जोडून दिली तर गिऱ्हाईक म्हणतं, एका तारेचे एवढे पैसे? तेच पार्ट बदलला तर मुकाट्याने देतो.'

हे आपल्या सगळ्यांना उद्देशून आहे. डब्यातून काढलेली वस्तू दिसते, म्हणून तिचे पैसे द्यायला आपण तयार असतो. विचार दिसत नाही, म्हणून तो फुकट हवा असतो. मग ज्याला संध्याकाळी दुकानाचं भाडं काढायचं आहे, तो विचार करणं सोडून वस्तू विकायला लागतो. त्याला नावं ठेवताना आपला वाटाही मोजावा. डॉक्टरांच्या बाबतीत आपण तपासणीची फी वेगळी देतो, औषधाचे पैसे वेगळे. गॅरेजमध्येही तसं ठरवून घ्यावं: शोधायचे इतके, दुरुस्तीचे इतके. टेम्पोवाल्याला ते पंपापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आणि मिस्त्रीला एकच प्रश्न विचारायची सवय ठेवावी, तीही वाद म्हणून नव्हे: 'हाच भाग गेला, हे कशावरून?' उत्तरात 'कोड आला' एवढंच असेल तर थांबावं. 'भार देऊन मोजलं, हलवून पाहिलं, जुना परत लावून पाहिला' असं असेल, तर खुशाल पैसे द्यावेत. त्या माणसाने आपलं काम चोख केलं आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण संशय या विषयाकडे वळू. आज इथेच थांबू.